पीक बदललं, पट्टी कुणाच्या नावाची?

मृग तोंडावर आला की आमच्या तालुक्यात शेतकरी मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. भाड्यानं घेतलेलं मंगल कार्यालय, दारात बियाण्यांचे आणि ठिबकचे स्टॉल, आत गरगरणारे पंखे आणि व्यासपीठावर शाल-नारळ घेऊन बसलेला पाहुणा. पाहुणे बदलतात, भाषण मात्र तेच असतं. शेतकऱ्यानं आता बदललं पाहिजे, नव्याची कास धरली पाहिजे. गेल्या वेळी मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत नेलं होतं. त्यांचं वय 73. "मानसिकता बदला" हे पाहुण्याच्या तोंडून तिसऱ्यांदा आलं तेव्हा अण्णा माझ्याकडे झुकून म्हणाले, "ह्येला इचार, ह्येनं आजवर काय काय बदललं?"

औसा तालुक्यातल्या आमच्या सात एकरांत काय काय बदललं, ते मी परत येताना मोजत होतो. अण्णा बारा-तेरा वर्षांचे असताना, 1964 साली, सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचं वाण आलं. पुढच्या काही वर्षांत आमच्याकडे 'हायब्रीड' हा शब्द ज्वारीचंच दुसरं नाव झाला. मग सूर्यफूल आलं आणि बाहेरून स्वस्त तेल यायला लागल्यावर गेलं. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं ते राहिलंच. बोअर पाडल्यावर तीन एकर ऊस झाला, बोअर आटल्यावर तो मोडला. बैल गेले, ट्रॅक्टर भाड्यानं आला. खुरपणीच्या जागी तणनाशक आलं, पाटपाण्याच्या जागी तुषार. 1993 च्या भूकंपानंतर तर दगड-मातीचं माळवद उतरवून घरही दुसरं बांधलं. एखाद्या नोकरदार माणसानं आयुष्यात इतक्या वेळा धंद्याचं तंत्र मुळापासून बदलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कापसाच्या पट्ट्यात 2002 नंतर बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं जनुकबदल केलेलं बियाणं, किती झपाट्यानं पसरलं ते सगळ्यांना माहीत आहे. तासगावची द्राक्षं, सांगोल्याची डाळिंबं, जालन्याच्या कडवंचीत पाणलोटाच्या कामानंतर उभ्या राहिलेल्या बागा, हे सगळं शेतकऱ्यानंच केलं. त्याला 'बदल' शिकवायला जाणं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवण्यासारखं आहे.

माझी तक्रार दुसरीच आहे. हे सगळे बदल शेतात झाले आणि घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले. पीक कोणतं घ्यायचं, कर्ज किती काढायचं, माल कधी विकायचा, पैसे कुणाच्या हातात यायचे, जमीन कुणाच्या नावावर राहायची, या पाच गोष्टींत माझ्या आजोबांच्या काळापासून आजपर्यंत काय बदललं, असं विचारलं तर मला फारसं काही सांगता येत नाही. शेतीकुटुंबातल्या बदलाविषयी बोलायचं असेल तर बोलणं इथून सुरू व्हायला हवं. मेळाव्यात ते कधीच इथून सुरू होत नाही. समोर बसलेले सगळे पुरुष असतात हे एक कारण आहेच.

हायब्रीड ज्वारीचंच घ्या. क्विंटल वाढले हे खरं. पण त्या ज्वारीची भाकरी थापताना चिरायची, चव यायची नाही, काढणीला पाऊस आला की दाणा काळा पडायचा आणि ज्वारीचं ताट, म्हणजे धांडा, ठेंगणं असल्यामुळे कडबाही कमी. आजी हे पहिल्या वर्षापासून सांगत होती असं आई सांगते. सांगत होती म्हणजे चुलीपुढं बसून, भाकरी करता करता. निर्णय ओसरीवर होत होता. ओसरी आणि चूल यांच्यात जेमतेम पंधरा फुटांचं अंतर होतं. खायची ज्वारी वेगळी आणि विकायची वेगळी पेरावी, एवढी साधी गोष्ट आमच्या घरी सुचायला आठ वर्षं लागली. ज्वारीच्या कडेनं अंबाडी, तीळ, कारळं, भेंडी टाकायची आजीची पद्धत तर त्यात गेली ती गेलीच. आता कारळ्याची चटणी आम्ही लातूरच्या दुकानातून पाकिटात आणतो.

नवं ते सगळं चांगलं, असा माझा दावा नाही. म्हातारी माणसं नव्याला बिचकतात त्यामागं अनुभव असतो. आमच्या गावात दोघांनी ईमू, म्हणजे शहामृगासारखे मोठे पक्षी, पाळले होते. अंड्याला भाव, मांसाला भाव, तेलाला भाव, कातड्याला भाव, सगळ्याला भाव होता, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. त्याआधी सफेद मुसळी ही औषधी वनस्पती येऊन गेली. नंतर 2019 मध्ये कडकनाथ कोंबडीच्या नावाखाली सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांचे पैसे बुडाले. या सगळ्या लाटांची रीत एकच. पहिला पैसा पीक विकून होत नाही, पुढच्या माणसाला रोप नाहीतर पिल्लू विकून होतो. लाट ओसरते तेव्हा शेवटचा माणूस पिंजरे घेऊन उभा असतो. हल्ली ड्रॅगन फ्रूटची जाहिरात पाहिली की अण्णा आधी विचारतात, "फळ इकतोय का रोप?" या एका प्रश्नात त्यांनी मला जेवढं अर्थशास्त्र शिकवलं तेवढं माझ्या पदवीनं शिकवलं नाही.

पण ईमूच्या गोष्टीचा दुसरा भाग गावात कुणी सांगत नाही. त्या दोघांपैकी एकाच्या पिंजऱ्यांचे पैसे बायकोच्या दागिन्यांवरच्या कर्जातून आले होते. तिला विचारलं होतं का? सांगितलं होतं, एवढं नक्की. सांगणं आणि विचारणं यांतला फरक आपल्या घरांतून फारसा केला जात नाही. तोटा आला तेव्हा मात्र तो सगळ्यांच्या वाट्याला बरोबर आला. दागिना गेला, मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण थांबलं, म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढं ढकललं. जो तोटा सगळ्यांनी मिळून सोसायचा, त्याचा निर्णय एकट्यानं का घ्यावा? याचं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. "बाईला त्यातलं काय कळतं" हे उत्तर मी धरत नाही, कारण ईमूतलं त्या गड्यालाही काही कळत नव्हतं.

एक उदाहरण आमच्याच भागातलं आहे. भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढं आणणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं नंतर लातूर-उस्मानाबादकडे शेतीत एक साधं काम उभं केलं. बाईनं घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर नवऱ्याकडून मागून घ्यायचा आणि त्यात घरच्या खाण्याची पिकं मिसळून लावायची. भाज्या, कडधान्यं, ज्वारी-बाजरी, कमी पाण्यात येणारी, घरच्या शेणखतावर वाढणारी. बाकीच्या रानात नवऱ्यानं सोयाबीन पेरावं नाहीतर ऊस लावावा. याला 'एक एकर मॉडेल' म्हणतात. 2016 साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आईनं बचत गटात हे ऐकलं आणि 2014 मध्ये एक एकर मागितला. अण्णांनी दिला. कोणता दिला, तर नाल्याच्या कडेचा, मुरमाड, जिथं कुळव धड चालत नाही तो. (मी तेव्हा काहीच बोललो नाही, हेही लिहायला हवं.) पुढचं वर्ष 2015. पाऊस गेला. आमचं सोयाबीन गुडघ्याच्या वर आलंच नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्या साली आईच्या मुरमाड एकरात फार काही पिकलं असं सांगितलं तर ती फुशारकी होईल. दीड-दोन पोती ज्वारी, थोडे मूग-मटकी आणि दिवाळीपर्यंत पुरेल एवढी भाजी. पण किराण्याची उधारी त्या वर्षी आमची कमी होती आणि सोयाबीनवाल्या सहा एकरांनी ती कमी केलेली नव्हती. आणि तो एकर पूर्ण गेला असता तरी घर उठलं नसतं. बदल किती मोठा करावा याचं माप मला तिथं कळलं. उपाशी न राहता जेवढं गमावता येईल तेवढाच.

मेळाव्यातला पाहुणा आणखी एक गोष्ट विसरतो. बदलासाठी सवड लागते. आमच्या घरात दोन म्हशी आहेत. ज्याच्या दावणीला दुभतं जनावर आहे त्याला पहाटे आणि संध्याकाळी घरी असावंच लागतं, लग्न असो की मयत. शेतकरी फिरत नाही, जग बघत नाही, असं शहरातले नातेवाईक म्हणतात. ते खरंही आहे. आमचा प्रवास म्हणजे तुळजापूर, पंढरपूर आणि भावकीतली लग्नं. राज्यानं 2020 मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, शहरातली कुटुंबं आता पैसे देऊन गोठा पाहायला येतात, ते उत्तमच. पण त्या गोठ्यातल्या बाईनं समुद्र पाहिलाय का, हे कुणी विचारत नाही.

आईचा गट दोन दिवसांच्या सहलीला निघाला तेव्हा घरात जो गोंधळ उडाला तो सूर्यफूल मोडून सोयाबीन पेरतानाही उडाला नव्हता. भाकरीचं निभावलं. म्हशीचं निभेना. तिला आईच्या हाताची सवय. अण्णा कासेला बसले की ती पान्हा चोरायची, लाथ झाडायची. पहिल्या संध्याकाळी अर्धा लिटर निघालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात गेलो तर अण्णा आईचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळून धार काढत होते. बायकांच्या हातावर लागलेल्या म्हशीला फसवायची ही जुनी युक्ती आहे, पण आमच्या घरी ती वापरायची वेळ तोपर्यंत आली नव्हती. मला पाहून ते म्हणाले, "हसू नको, बादली धर." सात एकरांत सगळी पिकं बदलून झालेल्या माणसानं वयाच्या पासष्टीत प्रथमच बायकोचं एक काम अंगावर घेतलं, तेही अक्षरशः. सहलीहून आल्यावर आईनं काय काय पाहिलं ते पंधरा दिवस सांगितलं. तिकडच्या बायका भाजीचे दर मोबाइलवर बघून मगच तोडणी करतात, ही गोष्ट तिनं तिथं पाहिली आणि घरी येऊन सुरू केली. मी तीच गोष्ट तिला वर्षभर सांगत होतो.

आता जमिनीकडे येतो, कारण सगळं तिथंच अडतं. देशातल्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी जवळपास तीन चतुर्थांश शेतीत आहेत. 2015-16 च्या कृषी गणनेत मात्र खातेदार म्हणून नोंद झालेल्या बायका सुमारे 14 टक्के. पीककर्ज, पीकविमा, वर्षाचे 6000 रुपये देणारी पीएम-किसान, सगळं सातबाऱ्यावरून चालतं. नाव नाही ती बाई सरकारदरबारी शेतमजूरही नाही आणि शेतकरीही नाही, ती 'घरकाम'.

हा प्रश्न नवा नाही. शेतकरी संघटनेच्या 1986 च्या चांदवड अधिवेशनात बायका किती संख्येनं जमल्या होत्या ते सांगणारी माणसं अजून आहेत. त्याच वाटेनं पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेतकऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावानं जमीन करून द्यावी, तिच्या राबण्याचं काहीतरी ऋण फेडावं. सरकारनंही 1992 मध्ये परिपत्रक काढून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. कायदा तर त्याच्याही पुढं गेला. महाराष्ट्रानं 1994 साली मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, केंद्राचा कायदा 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाला आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मानंच मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असं स्पष्ट केलं. कागदावर आता काही बाकी नाही.

आणि तरीही 2006 साली, आजोबा गेल्यावर, माझ्या दोन आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. घरात शिकलेला मीच, म्हणून कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता" हे शब्द मी मोठ्यानं वाचले. दबाव कुणी टाकला नव्हता, हेही खरंच. टाकायची गरजच नव्हती. थोरल्या आत्यानं अंगठ्याची शाई पदराला पुसत विचारलं, "भाऊबिजेला बोलावशील ना रे?" सगळे हसले. नंतर तालुक्याच्या हॉटेलात जेवण झालं, दोघींना साड्या घेतल्या. माहेरची वाट उघडी राहावी म्हणून बहिणी जमीन सोडतात, हे तिच्या त्या एका वाक्यात होतं आणि मला ते कळायला पुढची पंधरा वर्षं लागली.

त्या कागदानंतर आणखी एक गोष्ट घडली. अण्णांचं नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा लागलं. वय 54. तोपर्यंत रोज शेतात राबणारा हा माणूसही आजोबांना विचारल्याशिवाय बियाण्याची एक पिशवी आणू शकत नव्हता. म्हणजे बायकांना निर्णय नसतो एवढंच म्हणून भागत नाही, तरण्या पोरांनाही नसतो. नोकरीत अठ्ठावन्नला नाहीतर साठीला माणूस बाजूला होतो. शेतीत मालक सरणावर जाईपर्यंत मालक असतो. पंचवीस वर्षांच्या पोराला नवं काही करून बघायचं असतं, त्याच्या हातात काहीच नसतं. हातात येतं तेव्हा त्याची हौस फिटलेली असते आणि गुडघे दुखत असतात. पोरं शेती सोडून पुण्याला पंधरा हजारांवर का राबतात, याची कारणं सांगताना आपण भाव, पाऊस, सरकार सगळं सांगतो, हे सांगत नाही.

लग्नाचंही तसंच. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून मुलांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, त्याची वर्तमानपत्रांनी गंमत केली. मुली कमी आहेत हे खरंच. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या आणि त्याचं पाप आपलंच आहे. पण ज्या आहेत त्यांना शेतकरी नवरा का नको, याची उत्तरं ऐकायची असतील तर त्यांनाच विचारा. मी माझ्या पुतणीला विचारलं. ती म्हणाली, "काका, शेतीचं काम नको असं नाही. काम माझं आणि हिशोब दुसऱ्याचा, ते नको."

यावर समोरून जो आक्षेप येतो तो फुटकळ नाही. 1970-71 साली महाराष्ट्रात शेतजमिनीचं सरासरी खातं 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 वर आलं. बहिणींचे, बायकोचे, पोरांचे हिस्से पाडत गेलं तर उद्या बांधच तेवढे उरतील. मला ही भीती खरी वाटते. पण खाती इतकी लहान झाली ती बहिणींनी वाटे घेतल्यामुळं झाली नाहीत, त्यांनी तर सोडले. ती भावाभावांत वाटून झाली. आणि नाव लावणं म्हणजे बांध घालणं नव्हे. सहहिस्सेदार म्हणून नाव राहू शकतं, रान एकत्र कसता येतं, हिशोब वर्षाच्या शेवटी होऊ शकतो. भाऊ शेत करतो, बहिणीला वर्षाला चार पोती नाहीतर ठरलेली रक्कम जाते, अशी घरं माझ्या पाहण्यात दोन-तीन आहेत. भांडणं होतात का? होतात. ती हक्कसोड झालेल्या घरांतही होतात, फक्त तिथं बहिणीला भांडायला जागा नसते.

म्हणून मेळावे भरवणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. खुर्च्या निम्म्या बायकांसाठी ठेवा, आणि वेळ सकाळची दहा ठेवू नका, तेव्हा त्या खुरपायला गेलेल्या असतात. बियाण्याच्या स्टॉलशेजारी तलाठ्याला एक टेबल द्या, नवरा-बायको दोघं असतील तर अर्ज तिथंच भरून घ्या. पाहुण्यानं मानसिकतेवर बोललंच पाहिजे असं असेल तर त्याला आधी विचारा, त्याच्या स्वतःच्या जमिनीच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत.

आमच्या घरचं सांगतो, म्हणजे मी फार शहाणा झालोय असा समज होणार नाही. गेल्या सप्टेंबरात आईच्या एकरातला उडीद घेऊन आम्ही तिघं लातूरच्या आडतीवर गेलो. तीन क्विंटलला थोडा कमी. माप झालं, मुनीमानं सवयीनं अण्णांच्या नावाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, लिहून पुढं केली. आईनं ती वाचली. दुसरी पास आहे ती. म्हणाली, "ही फाडा. उडीद माझा हाय." मुनीमानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पोत्यांकडे पाहिलं. मग दुसरी पट्टी झाली.

जीपमध्ये परत येताना मला जोर चढला. म्हटलं, आता सातबाऱ्यावर तुझं नाव लावू आणि आत्यांचंही काहीतरी करू, निदान वर्षाचं धान्य तरी बांधून देऊ. आई एकदम म्हणाली, "माझं लाव. नणंदांचं कशाला काढतो? त्यांनी राजीखुशीनं सोडलंय." मी विचारलं, "आणि तू मामाला सही दिलीस, ती?"

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते.

"ते येगळं," आई म्हणाली, आणि तिनं उडदाची पट्टी चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.